दुसऱ्या कंपनीची बॅटरी ग्रिप डीएसएलआरला जोडताना आणि वापरताना

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या तळाला बसणारी बॅटरी ग्रिप प्रामुख्याने दोन कारणांसाठी घेतली जाते. एक म्हणजे तिच्यामुळे कॅमेऱ्याला दोन बॅटऱ्यांची किंवा त्यांऐवजी पेन्सिल सेलची वीज मिळते, आणि दुसरे म्हणजे कॅमेरा उभा धरून छायाचित्रे काढताना शटरचे बटण, डायल आणि फोकसची काही बटणे हाताखाली येतात, त्यामुळे मनगट पिळून कोपर हवेत धरावे लागत नाही. कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या ग्रिप चांगल्या असतात, पण महाग असतात. त्यामुळे मायके, फोटिक्स, पिक्सेल, नीवर अशा इतर उत्पादकांच्या ग्रिप मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. त्या घेऊ नयेत असे सांगण्याचा येथे हेतू नाही. मात्र अशा ग्रिपच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी गेल्यास त्या एकाच जागी येऊन थांबतात, आणि ती जागा म्हणजे ग्रिप आणि कॅमेरा यांच्यामधला जोड. तो जोड यांत्रिकही आहे आणि विजेचाही आहे. म्हणून खरेदीपासून दैनंदिन वापरापर्यंत प्रत्येक टप्प्यावर लक्ष तिथे ठेवावे.

कॅमेऱ्याची रचना आधी ओळखावी

ग्रिप जोडण्याच्या तीन पद्धती आढळतात आणि आपल्या कॅमेऱ्याला त्यांपैकी कोणती लागू आहे, हे विकत घेण्याआधी समजून घ्यावे.

पहिल्या पद्धतीत कॅमेऱ्याच्या बॅटरीचे झाकण काढून ग्रिपचा उभा दांडा थेट बॅटरीच्या कप्प्यात सरकवला जातो आणि दोन्ही बॅटऱ्या ग्रिपच्या ट्रेमध्ये राहतात. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरची रचना अशी आहे: ५५०डी ते ७००डी या मालिकेसाठी बीजी-ई८, ६०डीसाठी बीजी-ई९, ५डी मार्क ३साठी बीजी-ई११, तर ७०डी आणि ८०डीसाठी बीजी-ई१४. निकॉनच्या डी८० आणि डी९० यांची एमबी-डी८० ही ग्रिपही याच प्रकारची आहे. दुसऱ्या पद्धतीत कॅमेऱ्यातली बॅटरी आतच राहते आणि तळावरच्या रबरी टोपीखाली असलेल्या संपर्कबिंदूंना ग्रिप भिडते. निकॉनच्या डी३०० आणि डी७०० यांची एमबी-डी१०, डी७०००ची एमबी-डी११, डी८०० आणि डी८१० यांची एमबी-डी१२ आणि डी७५०ची एमबी-डी१६ या ग्रिप या वर्गात मोडतात. बाहेरचे उत्पादक बहुधा मूळ ग्रिपच्याच क्रमांकाचा आधार घेऊन आपली ग्रिप विकतात. त्यामुळे हा क्रमांक ठाऊक असला की चुकीची वस्तू घरी येण्याची शक्यता बरीच कमी होते. नावात एकाच अंकाचा फरक असलेल्या दोन कॅमेऱ्यांची ग्रिप सारखीच असेल, असे मात्र गृहीत धरू नये.

तिसरी पद्धत थोडी जुगाडू आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांसाठी कंपनीने स्वतःची ग्रिप काढलीच नाही आणि त्यांच्या तळाला संपर्कबिंदूही नाहीत. इतर उत्पादकांच्या ग्रिप तिथे वीज बॅटरीच्या कप्प्यातून देतात, पण शटरचा संदेश मात्र एका आखूड केबलने कॅमेऱ्याच्या बाजूच्या पोर्टमध्ये किंवा अवरक्त किरणांनी कॅमेऱ्याच्या रिमोट सेन्सरकडे पाठवतात. केबलची ग्रिप असेल तर बटण अर्धे दाबून फोकस करता येतो, परंतु पोर्टचे झाकण सतत उघडे राहते आणि धूळ-पाण्याला वाट मिळते. अवरक्त ग्रिपमध्ये कॅमेरा रिमोट मोडवर ठेवावा लागतो, ठरावीक वेळात बटण दाबले नाही तर तो मोड आपोआप बंद होतो, आणि अर्धे बटण दाबण्याची सोय राहत नाही. स्थिर विषयासाठी हे चालून जाते. खेळ किंवा लहान मुले टिपायची असतील तर अवरक्त ग्रिपच्या वाटेला न गेलेले बरे.

जोडणी

जोडणीपूर्वी कॅमेरा बंद करावा, कार्डावर लिहिणे चालू असल्याचा दिवा विझला आहे याची खात्री करावी आणि बॅटरी बाहेर काढावी. झाकण काढावे लागणाऱ्या कॅमेऱ्यांत बिजागरीपाशी स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी पिन किंवा खटका असतो. झाकण उघडून तो नखाने आत सरकवला की झाकण अलगद सुटते. येथे जोर लावण्याची गरज नसते, आणि जोर लावावा लागत असेल तर आपण चुकीच्या जागी दाबत आहोत असे समजावे. सुटलेले झाकण ठेवण्यासाठी अनेक ग्रिपच्या अंगातच एक खाच असते. ग्रिप काढल्यावर याच झाकणाशिवाय अनेक कॅमेरे चालू होत नाहीत, म्हणून खाच नसेल तर झाकण मूळ बॅटरीच्या चार्जरसोबत एका जागी ठेवावे. तळाच्या संपर्कबिंदूंवरील रबरी टोपीलाही हेच लागू आहे; ती हरवणे फार सोपे आहे.

आता ग्रिप रिकामी असतानाच, म्हणजे तिच्यात बॅटऱ्या न घालता, ती कॅमेऱ्याला बसवून पाहावी. दांडा किंवा संपर्कबिंदू आणि ट्रायपॉडचा स्क्रू हे दोन्ही एकाच वेळी आपापल्या जागी आले पाहिजेत. मग ग्रिपच्या बाजूचे चाक बोटांनी फिरवून स्क्रू आवळावा. सुरुवातीचे आटे हलक्या हाताने आणि सरळ बसले तर पुढचे आपोआप नीट बसतात. सुरुवातच तिरकी झाली तर कॅमेऱ्याच्या सॉकेटचे आटे खराब होण्याचा धोका असतो, आणि ती दुरुस्ती ग्रिपच्या किमतीपेक्षा जड जाऊ शकते. चाक बोटांच्या ताकदीने जितके आवळले जाईल तितके पुरे. नाणे लावून आवळण्याची खाच चाकावर असली, तरी नाण्याचा उपयोग सोडवताना करावा. आवळताना तो टाळणेच श्रेयस्कर आहे.

बसवल्यानंतर कॅमेरा आणि ग्रिप यांच्यामधली फट सर्व बाजूंनी पाहावी. पुढच्या बाजूला फट बंद आणि मागच्या बाजूला नख जाईल एवढी मोकळी, अशी तफावत असेल तर ग्रिपचा साचा बरोबर नाही. एका हाताने कॅमेरा आणि दुसऱ्या हाताने ग्रिप धरून हलकेच पीळ देऊन पाहावा. किंचित कचकच जाणवणे प्लॅस्टिकच्या ग्रिपमध्ये अपेक्षित आहे, मात्र डोळ्याला दिसेल अशी हालचाल असता कामा नये.

कामावर नेण्याआधीची तपासणी

ही तपासणी घरी, सवडीने आणि वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी. ट्रेमध्ये दोन बॅटऱ्या मावत असतील तर प्रथम एकच पूर्ण भरलेली बॅटरी ट्रेच्या डाव्या बाजूला ठेवून कॅमेरा चालू करावा, मग तीच उजव्या बाजूला ठेवून पाहावे, आणि शेवटी दोन्ही बॅटऱ्या घालाव्यात. या क्रमामुळे एखाद्या बाजूचा संपर्क कमजोर असेल तर तो लगेच उघडा पडतो. दोन्ही बॅटऱ्या एकदम घातल्यास दुसरी बाजू पहिलीचा दोष झाकून टाकते आणि दोष कळतो तो भर कामात. बॅटरी ट्रेमध्ये सहज सरकली पाहिजे. जुनी, विशेषतः स्वस्तातली बॅटरी किंचित फुगलेली असेल तर ती दाबून आत घालता येते पण बाहेर येत नाही. अशी बॅटरी सपाट पृष्ठभागावर ठेवली तर डुगडुगते. तिला ग्रिपमध्ये घालूच नये.

कॅमेरा चालूच झाला नाही तर ग्रिप खराब आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अनेक कॅमेऱ्यांत बॅटरीच्या कप्प्याच्या तोंडाशी एक बारीक स्विच असतो, जो झाकण बंद असल्याचे कॅमेऱ्याला कळवतो. झाकण काढल्यावर तो दाबून ठेवण्याचे काम ग्रिपवरच्या एका छोट्या उंचवट्याने करायचे असते. उंचवटा अर्धा मिलिमीटर तोकडा असला किंवा स्क्रू पुरता आवळलेला नसला, तरी स्विच दाबला जात नाही आणि भरलेल्या बॅटऱ्या असूनही कॅमेरा मृतवत राहतो. म्हणून प्रथम स्क्रू सोडवून, ग्रिप पुन्हा सरळ बसवून पाहावी.

यानंतर बटणांकडे वळावे. ग्रिपचा स्वतःचा चालू-बंद स्विच चालू करून शटर अर्धे दाबावे, पूर्ण दाबावे, डायल दोन्ही दिशांनी हळू आणि मग झपाट्याने फिरवावी, एक्स्पोजर लॉक (प्रकाशाचे मोजमाप धरून ठेवणारे) आणि फोकसची बटणे एकेक करून वापरावीत. अर्धे आणि पूर्ण दाबणे यांतला टप्पा मूळ ग्रिपमध्ये जितका स्पष्ट जाणवतो तितका अनेक पर्यायी ग्रिपमध्ये जाणवत नाही, आणि फोकस होण्याआधीच छायाचित्र निघून जाते. हा दोष सवयीने काही प्रमाणात सांभाळता येतो. शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर फोकस देण्याची पद्धत वापरणाऱ्यांना तो फारसा जाणवतही नाही. डायलने मात्र एका खटक्याला दोन पायऱ्या पुढे जाणे किंवा उलट दिशेला उडी मारणे हा सवयीने सुटणारा दोष नव्हे, आणि अशी ग्रिप परत करावी.

संपर्काची खरी परीक्षा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे समोरचे दृश्य मागच्या स्क्रीनवर पाहताना होते. स्क्रीनवर चित्र चालू असताना ग्रिपला हलका पीळ द्यावा, तळहाताने तळावर दोन-तीन थापा द्याव्यात आणि मग सलग छायाचित्रांची एक लांब मालिका घ्यावी. स्क्रीन क्षणभर काळी पडली किंवा कॅमेरा मधेच बंद होऊन पुन्हा चालू झाला तर वीज तुटते आहे. वीज तुटली त्याच क्षणी कार्डावर लिहिणे चालू असेल तर त्या मालिकेतली छायाचित्रे गमावण्याची शक्यता असते, म्हणून या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये. संपर्कबिंदूंवर हाताचे तेल किंवा काजळी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेल्या कापसाच्या काडीने ते पुसून, पूर्ण वाळू देऊन चाचणी पुन्हा करावी. तरीही फरक पडला नाही तर दोष आतला आहे.

शेवटची चाचणी वेळखाऊ पण महत्त्वाची आहे. भरलेल्या बॅटऱ्यांसह ग्रिप जोडून कॅमेरा बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक पाहावी. काही ग्रिपमधले सर्किट कॅमेरा बंद असतानाही थोडी थोडी वीज ओढत राहते. एका रात्रीत शिल्लक लक्षणीय घटली असेल, तर प्रत्येक वापरानंतर बॅटऱ्या काढून ठेवण्याची तयारी असेल तरच ती ग्रिप ठेवावी.

वीज: दोन बॅटऱ्या आणि पेन्सिल सेल

दोन बॅटऱ्यांमुळे छायाचित्रांची संख्या जवळपास दुप्पट होते, याहून अधिक जादू ग्रिपमध्ये नाही. कॅननच्या ५डी मार्क ३ला एका बॅटरीत प्रमाणित चाचणीनुसार सुमारे ९५० छायाचित्रे मिळतात आणि निकॉन डी७५०ला सुमारे १२३०. ज्यांचे दिवसाचे काम एवढ्यात भागते, त्यांना खिशातली एक जादा बॅटरी ग्रिपपेक्षा सोयीची पडते. सलग छायाचित्रांचा वेग वाढतो हा समजही काही ठरावीक कॅमेऱ्यांपुरताच खरा आहे. निकॉन डी७०० ग्रिपविना सेकंदाला ५ छायाचित्रे घेतो आणि एमबी-डी१०मध्ये ईएन-ईएल४ए ही मोठी बॅटरी किंवा पेन्सिल सेल घातल्यास ८ घेतो. नेहमीच्या बॅटरीवर मात्र ग्रिप लावूनही वेग वाढत नाही. डी८५०मध्ये ७चा वेग ९ होतो, तोही मोठी बॅटरी घातली तरच. कॅननच्या ग्रिपमुळे वेग वाढत नाही. पर्यायी ग्रिपच्या जाहिरातीत वेगाचा दावा दिसला तर तो आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा.

दोन्ही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या आणि साधारण एकाच वयाच्या असाव्यात. त्यांच्यावर १ आणि २ असे अंक लिहून त्या नेहमी जोडीनेच वापराव्यात आणि जोडीनेच चार्ज कराव्यात. ज्या निकॉन कॅमेऱ्यांत एक बॅटरी आत राहते, त्यांत मेन्यूमध्ये बॅटरीचा क्रम ठरवता येतो. तिथे ग्रिपमधली बॅटरी आधी वापरण्याचा पर्याय निवडावा, कारण आतली बॅटरी बदलायची तर बऱ्याच कॅमेऱ्यांत ग्रिप सोडवावी लागते. ग्रिपमधली बॅटरी वापरात असताना कॅमेऱ्याच्या डिस्प्लेवर बीपी ही अक्षरे दिसतात. पर्यायी ग्रिप लावल्यावर ती दिसतात का, हे एकदा पाहून घ्यावे. ज्या कॅनन कॅमेऱ्यांच्या मेन्यूत बॅटरी माहितीचे पान असते, त्यांत तिथे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. बॅटऱ्याही दुसऱ्या कंपनीच्या असतील तर बॅटरीशी संपर्क होत नसल्याची सूचना येऊ शकते. तेव्हा ग्रिप आणि बॅटरी या दोन संशयितांना वेगळे करण्यासाठी मूळ बॅटरी घालून पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

पेन्सिल सेलचा ट्रे अडीअडचणीसाठी आहे. कॅननच्या ग्रिपमध्ये साधारणपणे ६ सेल बसतात. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात. सहा मिळून ७.२ व्होल्ट होतात, आणि एलपी-ई६ या कॅननच्या बॅटरीचा दाबही तेवढाच आहे. साधे अल्कलाइन सेल कागदावर ९ व्होल्ट देतात, परंतु आरसा उचलणे, शटर चालवणे, फोकसची मोटर फिरवणे यांसाठी कॅमेरा क्षणभर मोठा प्रवाह मागतो आणि त्या ताणाखाली अल्कलाइन सेलचा दाब कोसळतो. त्यामुळे कॅमेरा सेल संपल्याचे सांगतो, आणि तेच सेल नंतर भिंतीवरच्या घड्याळात कित्येक महिने चालतात. थंडीत हा फरक आणखी वाढतो. तिथे पुन्हा चार्ज न होणारे लिथियम पेन्सिल सेल बरे पडतात. सगळे सेल एकाच प्रकारचे आणि सारखेच भरलेले असावेत. निकॉनमध्ये ग्रिपमधल्या सेलचा प्रकार मेन्यूत निवडावा लागतो. अल्कलाइनसाठी एलआर६ आणि पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी एचआर६. चुकीचा प्रकार निवडल्यास शिल्लक चुकीची दिसते.

फर्मवेअर (कॅमेऱ्यातले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलताना आणि सेन्सर (चित्र टिपणारी चिप) हाताने साफ करताना ग्रिपवर विसंबू नये. या दोन्ही वेळी मधेच वीज गेली तर नुकसान गंभीर असते, आणि कॅननचे काही कॅमेरे तर ग्रिपमध्ये पेन्सिल सेल असताना हाताने सफाई करूच देत नाहीत. ग्रिप काढून, मूळ बॅटरी पूर्ण भरून ही कामे उरकावीत.

वजन आणि आधार

ग्रिप लावल्यावर ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याऐवजी ग्रिपच्या तळाला लागते आणि सगळा भार एका स्क्रूवर आणि प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर येतो. हा सांगाडा जरासा जरी लवचीक असला तरी लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवताना, चित्र हलते. तपासण्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करावा, लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारावी आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो हे पाहावे. मग ग्रिप काढून तेच करावे. फरक ठळक असेल तर ट्रायपॉडवर काम करताना ग्रिप काढून ठेवणेच योग्य. ज्या लांब लेन्सना स्वतःची कॉलर (ट्रायपॉडला जोडण्याचे कडे) असते, त्यांत ट्रायपॉड कॉलरला लावल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

खांद्यावरून तिरके घेण्याच्या पट्ट्यांबाबत माझे मत ठाम आहे. हे पट्टे तळाच्या सॉकेटला अडकवले जातात. पर्यायी ग्रिपच्या सॉकेटला पट्टा अडकवून खाली जड लेन्स लोंबकळत ठेवणे म्हणजे चालताना बसणारा प्रत्येक हिसका त्याच नाजूक जोडावर घेणे होय. पट्टा कॅमेऱ्याच्या वरच्या कड्यांनाच लावावा किंवा लेन्सच्या कॉलरला अडकवावा. पिशवीतून काढतानाही कॅमेऱ्याची मूळ पकड धरून उचलावे.

कॅमेरा आडवा धरताना तळहात उभ्या शटरच्या बटणावर टेकतो आणि नकळत छायाचित्रे निघतात किंवा फोकस सतत हलत राहतो, म्हणून आडव्या कामाच्या वेळी ग्रिपचा स्विच बंद ठेवावा. उभा कॅमेरा धरल्यावर बटणे चालत नसतील तर सर्वांत आधी हाच स्विच पाहावा. बहुतेक वेळा दुरुस्ती तेवढीच असते. चाक कंपनाने हळूहळू सैल होते, त्यामुळे प्रवासानंतर आणि दीर्घ कामाच्या मध्यंतरात ते एकदा बोटाने तपासावे.

पावसात विशेष सावध राहावे. कॅमेऱ्याला धूळ-पाण्यापासून संरक्षण असले तरी बॅटरीचे झाकण काढल्यावर त्या जागेचे संरक्षण ग्रिपच्या हाती जाते, आणि अनेक पर्यायी ग्रिपमध्ये त्यासाठी रबरी पट्टी नसते. ग्रिप भिजली तर आधी कॅमेरा बंद करून बॅटऱ्या काढाव्यात, मग ती सोडवावी आणि कॅमेरा व ग्रिप वेगवेगळे वाळू द्यावेत. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न देता स्वतःजवळच्या पिशवीत, संपर्कबिंदू झाकून न्याव्या लागतात. कॅमेऱ्यात असलेली जोडी वगळून बाकीच्या सर्व सुट्याच मानल्या जातात.

बरेच दिवस काम नसेल तर ग्रिप काढावी, बॅटऱ्या बाहेर ठेवाव्यात, पेन्सिल सेल तर ट्रेमध्ये मुळीच राहू देऊ नयेत, कारण ते गळले तर ट्रेच्या पत्र्या गंजतात. चाक फिरवताना आटे घसरू लागले, किंवा आवळूनही ग्रिप सैल राहू लागली, की ती दुरुस्त करत बसू नये. आतले दात झिजलेले असतात आणि स्क्रू अर्धवट अडकून बसला तर ग्रिप कॅमेऱ्यापासून सोडवणेही कठीण होते. सुटते आहे तोवरच ती काढून बाद करावी.